टोमॅटोवर टुटा: ट्रायकोकार्ड लावूनही अळी का थांबत नाही?

परसदारची जाई

नमस्कार मंडळी. माझ्या परसात टोमॅटोची १४ झाडं आहेत आणि गेले दोन महिने मी टुटाशी, म्हणजे टोमॅटोची पानं-फळं पोखरणाऱ्या एका बारीक पतंगाच्या अळीशी, झगडतेय. आता हात टेकायची वेळ आली, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी कीड नक्की टुटाच आहे ना, हे सांगून टाकते, कारण पहिला प्रश्न तोच येईल. साध्या नागअळीची पानावर बारीक, नागमोडी पांढरी रेघ उमटते. माझ्या पानांवर रेघा नाहीत, चट्टे आहेत. पान उजेडाकडे धरलं की चट्ट्याच्या आतला सगळा हिरवा गर फस्त झालेला दिसतो, वरचा आणि खालचा पापुद्रा तेवढा उरतो आणि मधे एका कोपऱ्यात काळी विष्ठा साठलेली असते. नखाने पापुद्रा सोलला तर आत फिकट हिरवी अळी, मोठी असेल तर अंगावर गुलाबी झाक, आणि डोक्याच्या लगेच मागे एक बारीक काळा पट्टा. फळांना देठाच्या टोपीखाली टाचणी टोचल्यासारखी भोकं आहेत. संध्याकाळी झाड हलवलं की तांदळाच्या दाण्याएवढे करडे पतंग भुर्रकन उडतात आणि पुन्हा खालच्याच पानांत दडतात.

पहिल्या महिन्यात मी दोनदा रासायनिक औषध फवारलं. प्रत्येक वेळी आठवडाभर शांतता, आणि नंतर आधीपेक्षा जास्त चट्टे. मग ठरवलं की फवारणी बास, मित्रकीटकांनाच कामाला लावायचं. ट्रायकोग्रामाचं, म्हणजे पतंगाची अंडी मारणाऱ्या एका बारीक माशीचं, कार्ड मागवलं. कार्ड आलं तेव्हा घरात आजारपण होतं, त्यामुळे पाकीट दोन दिवस तसंच टेबलावर पडून राहिलं. तिसऱ्या दिवशी कार्डाचे चार तुकडे करून चार झाडांना टाचले. मधल्या काळात अळ्या वाढू नयेत म्हणून कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून सगळीकडे मारलं, आणि सहा पिवळे चिकट सापळेही लावले. पंधरा दिवस झाले. काडीचाही फरक नाही.

आणखी एक. कोवळ्या शेंड्यांवर हिरवे, सडपातळ, चपळ ढेकूण दिसायला लागलेत आणि तिथल्या देठांवर तपकिरी कडी पडलीत. ही दुसरी कीड समजून मी त्यांच्यावरही साबणाचं पाणी मारलं.

मला खरंच जाणून घ्यायचंय की माझं कुठे चुकलं. की मित्रकीटक हे फक्त कागदावरच चालतात? आणि असंही वाचलं की ही कीड मुळात दक्षिण अमेरिकेतली, तिथे तिचा खास शत्रू आहे. तो मागवून आणता येतो का?

शेताचा बांध

ताई, कामगंध सापळे लावलेत का? टुटासाठी ते हवेतच. टुटाचीच ल्युअर, म्हणजे मादीच्या वासाचं आमिष, घ्या, दुसऱ्या पतंगाची चालत नाही. पसरट घमेल्यात पाणी भरायचं, त्यात थोडं साबण नाहीतर तेलाचे दोन-चार थेंब टाकायचे आणि ल्युअर पाण्यावर चार बोटं टांगायची. घमेलं उंच नको, जमिनीलगतच ठेवा. हा पतंग खालीच घुटमळतो. रोज सकाळी मोजा. आकडा एकदम चढला की समजायचं, अंडी घालायला सुरुवात झाली.

आणि एक फवारणी करून आधी संख्या खाली आणा. मग मित्रकीटक सोडा. एवढ्या अळ्यांपुढे ते बिचारे काय करणार?

भिंगवाला

जाईताई, तुम्ही एवढं बारकाईने लिहिलंय की तुमच्या लिखाणातच सगळी उत्तरं सापडतात. मी गेली नऊ वर्षं टोमॅटो लावतोय. पैकी पहिली तीन वर्षं तुमच्यासारखीच गेली. तेव्हा सावकाश वाचा.

ट्रायकोग्रामा काय करतं, तिथून सुरुवात करू. ही गांधीलमाशीच्या जातकुळीतली, पण अर्धा मिलिमीटरही न भरणारी. ती पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते आणि तिचं पिल्लू ते अंडं आतून खाऊन टाकतं. म्हणजे ती फक्त अंडं मारते. अळी पानाच्या पापुद्र्यात शिरली की ट्रायकोग्रामा म्हणजे वरातीमागून घोडं. तुमच्या पानांत आज ज्या अळ्या आहेत त्यांना कार्ड लावून काहीच होणार नव्हतं. कार्डाचा हिशेब पुढच्या पिढीवर मांडायचा असतो. २७ अंश तापमानात टुटाचं अंड्यापासून पतंगापर्यंतचं चक्र साधारण २४ दिवसांत पुरं होतं. मग पंधरा दिवसांत फरक दिसणार कसा?

आता पाकिटाचं बोलू. कार्डावर तांदळावरच्या पतंगाची अंडी चिकटवलेली असतात आणि प्रत्येक अंड्यात ट्रायकोग्रामाचं पिल्लू वाढत असतं. कार्ड घरी येईपर्यंत माश्या बाहेर पडायला बहुतेक एक-दोन दिवसच उरलेले असतात. ते पाकीट दोन दिवस उबदार टेबलावर राहिलं. तुमच्याकडे ते अजून असेल तर एक करा. पाकिटाच्या तळाशी आणि कोपऱ्यात उजेड धरून बघा. बारीक काळी धूळ दिसेल. त्या धुळीवर भिंग धरा.

नंतर कडुनिंब. वनस्पतीचं म्हणून ते मित्रकीटकांना चालतं असा सगळ्यांचाच समज असतो. पण ताज्या तेलाचा पातळ थर बसलेल्या पानावर एवढीशी माशी चालू शकत नाही, आणि साबण तर थेट तिला मारतो. पिवळ्या चिकट सापळ्यांनी उरलेलं काम केलं. पिवळा रंग फक्त पांढऱ्या माशीलाच बोलावत नाही, कितीतरी परोपजीवी माश्या आणि भक्षक ढेकूणही त्याला भुलतात. कार्ड लावायच्या आठवड्यात मी पिवळे सापळे काढूनच ठेवतो.

कार्डाचे तुकडे चारच केलेत, तेही कमी पडले. संख्येने नाही, एका कार्डावर साधारण २०,००० अंडी असतात, ती १४ झाडांना पुरून उरतात. पण टोमॅटोच्या देठावर हात फिरवून बघा, बोटं हिरवी-चिकट होतात. तो चिकटपणा पानावरच्या लवेच्या टोकांना असलेल्या थेंबांचा. आपली नुसती बोटं चिकटतात, पण ट्रायकोग्रामाला ते डिंक लावलेलं जंगल आहे. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कितीतरी माश्या वाटेतच अडकतात. म्हणून प्रत्येक झाडाला एक छोटी पट्टी, आणि तीही वरच्या तिसऱ्या-चौथ्या पानाच्या खालच्या बाजूला, अंड्यांच्या शेजारी. मुंग्या असतील तर त्या रात्रीत कार्ड साफ करतात, तेव्हा पट्टी खोडाला किंवा काठीला टेकू देऊ नका. वेळ संध्याकाळची. आणि एकदा लावून भागत नाही. माशी जेमतेम काही दिवस जगते आणि टुटाची मादी तिच्या आयुष्यात २५० च्या वर अंडी घालू शकते. मी दर आठवड्याला एक याप्रमाणे पाच-सहा वेळा लावतो.

कार्डावर जात कोणती लिहिली होती तेही बघा. सगळीकडे सहज मिळतं ते चिलोनिस. टुटासाठी अचेई आणि प्रिटिओसम या जाती जास्त कामाच्या. स्पेनमध्ये टुटा आल्यावर तिथे अचेईच हाताशी धरली गेली.

आता त्या हिरव्या ढेकणांकडे येतो, आणि इथे मला खरंच हळहळ वाटली. सडपातळ, चपळ, तीन-चार मिलिमीटरचे, कोवळ्या शेंड्यावर, आणि देठावर तपकिरी कडं: हा नेसिडिओकोरिस नावाचा मिरिड ढेकूण आहे. तुमच्या परसात तो न बोलावता आला होता. टुटाची अंडी आणि लहान अळ्या हे त्याचं आवडतं खाणं. सोंड खुपसून तो अंडं शोषतो आणि मागे चुरगळलेलं रिकामं टरफल सोडतो. युरोपात हा वाढवून टोमॅटोच्या हरितगृहांत मुद्दाम सोडतात. देठावरची कडी त्याचीच, हेही खरं. अंडी-अळ्या मिळेनाशा झाल्या की तो झाडाचा रस शोषतो आणि फार वाढला तर फुलं गळतात. पण तुमच्याकडे टुटा एवढी असताना त्याला मारणं म्हणजे घरचा पहारेकरी हाकलणं झालं.

बांधदादा, तुमचा सापळ्याचा सल्ला शंभर टक्के बरोबर, पण फवारणीचा मला पटत नाही. ताईंनी दोनदा फवारून बघितलं आणि दोन्ही वेळा कीड दुप्पट झाली, याचं कारण त्या औषधाने ढेकूण, कोळी आणि गांधीलमाश्या मेल्या, तर पापुद्र्याच्या आतली अळी तशीच सुखरूप राहिली. शिवाय या किडीने औषधांच्या कितीतरी गटांना दाद देणं सोडलंय. मोठ्या अळ्यांची संख्या खाली आणायचीच तर चट्ट्याची पानं हाताने खुडा, किंवा संध्याकाळी बीटीचं जिवाणू औषध मारा. अळी एक चट्टा सोडून दुसरीकडे शिरताना पान कुरतडते, तेव्हा ते तिच्या पोटात जातं. जी अळी ते खाते तीच मरते. ढेकणाला आणि गांधीलमाशीला धक्का लागत नाही.

परसदारची जाई

भिंगवालादादा, पाकीट कचऱ्यात गेलं नव्हतं, देवाची कृपा. तळाशी खरंच धूळ होती. मी ती पांढऱ्या कागदावर झटकली आणि मुलाच्या शाळेचं भिंग घेऊन खिडकीपाशी बसले. धूळ कसली, माश्या होत्या! प्रत्येकीला पंख, पंखाच्या कडेला झालर, तांबूस डोळे. शेकडो. सगळ्या मेलेल्या. झाडाला टाचलेले तुकडे आणून बघितले तर जवळजवळ प्रत्येक काळ्या अंड्याला एक गोल भोक होतं. म्हणजे मी झाडांना नुसती टरफलं लावली होती. फार वाईट वाटलं हो. जिवंत जीव मी दोन दिवस पाकिटात कोंडून ठेवले.

कार्डावर चिलोनिसच लिहिलेलं आहे.

पिवळे सापळेही उतरवून बघितले. एकावर पांढऱ्या माश्या मोजून सात होत्या, आणि ते हिरवे ढेकूण एकोणीस.

आता नव्याने सुरुवात करते. फक्त एक सांगा. नवं कार्ड आलं की ते ताजं आहे हे कसं ओळखायचं? आणि पानावरचं टुटाचं अंडं नेमकं कसं दिसतं? मी अजून एकही बघितलेलं नाही.

भिंगवाला

ताजं कार्ड एकसारखं काळं असतं आणि भिंगाखाली अंडी टपोरी, अखंड दिसतात. भोकं नसावीत. एखाद-दुसरी माशी कार्डावर चालायला लागली की त्याच संध्याकाळी लावायचं. लगेच लावणं जमणार नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. तेही थोडेच दिवस.

अंडं शोधायला वरची कोवळी पानं उलटी करा. शिरेच्या आडोशाला, एकेकटं. थव्याने घातलेली अंडी दिसली तर ती दुसऱ्या कोणाची तरी. टुटाचं अंडं लांबट असतं, अर्ध्या मिलिमीटरहून लहान, ताजं असताना दुधाळ, मग पिवळसर. फुटायच्या आदल्या दिवशी एका टोकाला काळा ठिपका दिसतो. ते आतल्या अळीचं डोकं. ट्रायकोग्रामा शिरलेलं अंडं मात्र तीन-चार दिवसांत अख्खं काळं होतं, शाई भरल्यासारखं. हा फरक डोळ्यांत बसवा. एका टोकाला काळं म्हणजे वाईट बातमी, पूर्ण काळं म्हणजे आनंदाची.

पहिलं अंडं सापडायला मला दीड तास लागला होता. एकदा नजर बसली की पाच मिनिटांत दहा दिसतात.

कीटकवेडी

उशिरा येतेय, पण दक्षिण अमेरिकेतला शत्रू मागवण्याचा प्रश्न मागे राहून गेला आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो.

टुटाची शास्त्रात पहिली नोंद झाली १९१७ साली, पेरूतल्या नमुन्यांवरून. तिथे तिला खाणारे कीटक तिच्यासोबतच वाढलेले. २००६ मध्ये ती स्पेनमध्ये दिसली आणि तिथून अवघ्या काही वर्षांत भूमध्य समुद्राभोवतीचे देश, आफ्रिका, पश्चिम आशिया असं करत २०१४ मध्ये भारतात पोचली. फळांच्या पेट्यांतून अळी प्रवास करते, तिचे शत्रू मागेच राहतात. नव्या जागी तिला खायला भरपूर टोमॅटो, आणि तिला खाणारं ओळखीचं कोणीच नाही. बाहेरून आलेली कीड एवढी माजते ती मुख्यतः यामुळे.

मग शत्रूलाही आणावं हा विचार बरोबरच आहे, आणि तसं झालंयही. नैरोबीच्या इसिपे या कीटकसंशोधन संस्थेने २०१७ मध्ये पेरूहून डोलिकोजेनिडिया नावाची एक छोटी गांधीलमाशी केनियात आणली. ती टुटाच्या लहान अळीच्या अंगात अंडं घालते. पापुद्र्याच्या आत लपलेल्या अळीपर्यंतही तिची पोच असते. पण ती आणून लगेच शेतात सोडली असं झालं नाही. आधी बंदिस्त जागेत वाढवली, ती तिथल्या इतर निरुपद्रवी किड्यांवर जाते का, स्थानिक मित्रकीटकांशी तिचं कसं जमतं, हे सगळं तपासलं, सरकारी परवानगी घेतली आणि मगच सोडली.

जाईताई, हे काम संस्थांनीच करायचं आहे. आपण घरच्या बागेसाठी परदेशी कीटक मागवणं बेकायदेशीर तर आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट ही की सोडलेला कीटक परत गोळा करता येत नाही. आशियातला हार्लेक्विन ढालकिडा मावा खातो म्हणून अमेरिकेत आणि युरोपात सोडला गेला. तो एवढा पसरला की तिथल्या स्थानिक ढालकिड्यांवरच गदा आली. मित्र म्हणून आणलेला पाहुणाच कीड होऊन बसला. हे आठवलं की मला अजूनही अस्वस्थ वाटतं.

आणि तुम्हाला परदेशी शत्रूची गरज नाही, असं तुमचेच एकोणीस ढेकूण सांगताहेत. बाहेरची कीड येऊन काही वर्षं झाली की स्थानिक मित्रकीटक हळूहळू तिला ओळखायला लागतात. तुमच्याकडे हे सुरू झालंय का, ते बघायची एक साधी युक्ती सांगते. चट्टे असलेली दहा-बारा पानं खुडली की फेकू नका. काचेच्या बरणीत टिपकागदावर ठेवा, तोंडाला घट्ट विणीचं मलमल रबराने बांधा, आणि बरणी उन्हात नाही पण उजेडात ठेवा. दोन-तीन आठवड्यांत आतून जे बाहेर येईल ते मोजा. सगळे करडे पतंग निघाले तर अळ्यांवर अजून कोणी बसलेलं नाही. मिलिमीटरभराच्या, हिरव्या-निळ्या चमकेच्या माश्या निघाल्या तर त्या युलोफिडी कुळातल्या परोपजीवी. पतंग बरणीतच मरू द्या, माश्या परसात सोडा.

दुसरं म्हणजे तीळ पेरा. नेसिडिओकोरिसला तिळाचं झाड टोमॅटोपेक्षाही जास्त आवडतं. टोमॅटोच्या ओळीशेजारी तिळाची एक ओळ असली की खाणं कमी झाल्यावर तो टोमॅटोच्या देठाला कडी पाडण्याऐवजी तिळावर जाऊन राहतो, तिथेच वाढतो, आणि टुटा आली की परत शेजारी येतो. हे बाहेरच्या देशांत प्रयोग करून पाहिलंय आणि मी स्वतः दोन हंगाम करतेय. कडी गेली असं म्हणत नाही, पण फुलगळ थांबली.

आणि कामगंध सापळ्यावर विसंबून राहू नका, तो फक्त नर धरतो. एक नर सुटला तरी तो अनेक माद्यांना पुरतो, आणि नर न भेटताही काही माद्यांच्या अंड्यांतून अळ्या निघाल्याचं प्रयोगशाळेत दिसलंय. सापळ्याचा खरा उपयोग कार्ड कधी लावायचं हे कळण्यासाठी.

शेताचा बांध

कीटकवेडीताई, तिळाचं नवीनच कळलं, धन्यवाद. माझं क्षेत्र मोठं आहे, सगळी पानं हाताने खुडणं मला शक्य नाही, म्हणून फवारणीचं तोंडात आलं. पण कडेच्या चार ओळींत औषध बंद करून बघतो. कामोणीचं तणही काढा ताई, त्यावर टुटा मजेत जगते. बटाटा आणि वांगीसुद्धा जवळपास असतील तर त्यांची पानं उलटून बघा.

परसदारची जाई

पाच आठवड्यांनी लिहितेय. मधे गप्प होते कारण सांगण्यासारखं काहीतरी हातात हवं होतं.

अचेईचं कार्ड मिळवायला खटपट करावी लागली, पण मिळालं. कार्ड येणार त्या दिवशी मी घरीच थांबले. उघडून आधी भिंगाखाली घातलं, एकही भोक नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यावर पहिली माशी चालताना दिसली आणि त्याच संध्याकाळी १४ पट्ट्या १४ झाडांना, पानांच्या खाली. दर आठवड्याला एक याप्रमाणे आतापर्यंत चार वेळा लावून झालं. कडुनिंब, साबण, पिवळे सापळे, सगळं बंद. बीटी दोनदाच मारलं, संध्याकाळी. रोज सकाळी घमेल्यातले पतंग मोजून वहीत लिहिते. कुंपणाशी कामोणीची तीन झाडं होती, ती उपटली. त्यांच्या पानांवरही चट्टे होते, बांधदादा.

पहिले तीन आठवडे फळांना भोकं पडतच होती. त्या काळात दोनदा मन डळमळलं आणि औषधाची बाटली हातात घेतली. दोन्ही वेळा ती मेलेली काळी धूळ आठवली आणि बाटली परत ठेवली.

मग चौथ्या आठवड्यात एका सकाळी तिसऱ्या झाडाचं वरचं पान उलटं केलं. मधल्या शिरेच्या कुशीत, लवेच्या मधोमध, एक अंडं. पूर्ण काळं. मी श्वास रोखून बघत राहिले. त्याच्यापासून बोटभर अंतरावर दुसरं, तेही काळं, आणि त्याला एका बाजूला गोल भोक पडलेलं. म्हणजे तिथून माशी निघूनही गेली होती. शेजारच्या पानावर एक अंडं मात्र चुरगळलेलं, रिकाम्या फुग्यासारखं. ते ढेकणाचं काम असणार. त्या दिवशी पाच झाडांवरची वरची तीन-तीन पानं तपासली. एकूण २३ अंडी सापडली. त्यात ९ काळी, ४ चुरगळलेली, बाकीची दुधाळ किंवा पिवळी.

बरणीचंही सांगते. ११ पानं ठेवली होती. १६ पतंग निघाले आणि ३ चमकदार माश्या. तीनच, पण बरणीच्या काचेवर ती हिरवी-निळी चमक बघून मुलगा आणि मी दोघंही हरखून गेलो. मलमल उघडून माश्या टोमॅटोच्या खालच्या पानांत सोडल्या.

तीळ वीतभर झालाय आणि त्याच्या शेंड्यांवर हिरवे ढेकूण आलेत. टोमॅटोच्या दोन झाडांवर देठाला कडी दिसतात, फुलं अजून टिकून आहेत. या आठवड्यात तोडलेल्या ४० फळांपैकी ७ ना भोकं होती. मागच्या महिन्यात निम्म्याहून जास्त जायची.

आता अडचण अशी. चट्ट्यांची पानं मी अजूनही रोज खुडतेय आणि पिशवीत भरून, तोंड बांधून उन्हात ठेवतेय. ते चालू ठेवू ना?

भिंगवाला

जाईताई, वाचून फार आनंद झाला. ९ काळी आणि ४ चुरगळलेली म्हणजे तेवीसातली तेरा गेली, तीही औषधाशिवाय. पहिल्या हंगामासाठी हे खूप आहे.

पानं खुडणं चालू ठेवा, पण आता सरसकट नको. खालची, जुनी, मोठ्या चट्ट्यांची पानं खुडा, त्यांत मोठ्या अळ्या असतात. वरच्या अर्ध्या झाडाचं पान मात्र उलटून बघितल्याशिवाय तोडू नका. त्यावर एक जरी काळं, बिनभोकाचं अंडं असेल तर आत तुमची पुढची माशी आहे. चुकून तुटलंच तर पिशवीत न टाकता झाडाच्या बुंध्याशी सावलीत ठेवा, ती चालत वर जाईल. खालच्या पानांचंही पिशवीऐवजी बरणीतच करा, म्हणजे त्या चमकदार माश्या उन्हात भाजणार नाहीत. बरणी एक पुरणार नाही, दोन-तीन मोठ्या घ्या.

आणि पाचवं कार्ड या आठवड्यात चुकवू नका. तुमच्या वहीतले पतंगांचे गेल्या दहा दिवसांचे आकडे इथे टाकाल का? पुढची चढती कधी येईल याचा अंदाज त्यावरून बांधू.